हंगामी लोणी घेताना: रंगाआधी तारीख विचारा

लोण्यालाही हंगाम असतो, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. दुकानातलं पाकीट बारा महिने एकाच रंगाचं आणि एकाच चवीचं निघतं. ते तसं निघावं म्हणून कारखान्यात बरीच खटपट चालते: ठिकठिकाणची साय एकत्र करायची, जुना साठा नव्यात मिसळायचा, गरज पडली तर रंग घालायचा. ग्राहकाला कुठलाही फरक कळू नये हा त्यामागचा उद्देश. मला नेमका तो फरकच हवा असतो. म्हणून कुरणात चरणाऱ्या गायींचं, गवत कोवळं असतानाचं लोणी मी हंगामात एकदम घेते आणि फ्रीझरमध्ये साठवते. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो, पण पहिली लादी उघडली की त्यांच्याच सुऱ्या आधी पुढे येतात.

हे लोणी महाग असतं आणि त्याच्या नावावर काहीही विकलं जातं. म्हणून घेण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

गवतामुळे काय बदलतं

ताज्या हिरव्या गवतात बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचं जीवनसत्त्व ‘अ’ होऊ शकतं असं पिवळं-नारिंगी रंगद्रव्य, भरपूर असतं. गाय ते सगळं जीवनसत्त्व ‘अ’मध्ये बदलत नाही. त्यातलं बरंचसं तसंच दुधाच्या स्निग्धांशात उतरतं आणि लोणी पिवळं होतं. म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या शरीरात जवळपास सगळ्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व होतं, म्हणून त्यांनी कितीही हिरवं खाल्लं तरी लोणी पांढरंच राहतं. तेव्हा पांढरं म्हणजे निकस असं मुळीच नाही. गाय असेल तेव्हाच पिवळेपणाकडे बघायचं, आणि तेही जपून; ते पुढे येईलच.

गवत कापून उन्हात वाळवलं की कॅरोटीनचा मोठा भाग नष्ट होतो. मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवलेल्या ओल्या चाऱ्यात, तो त्यापेक्षा बरा टिकतो. त्यामुळे सुक्या वैरणीवर असलेल्या गायीचं लोणी फिकट येतं, मग ती गाय कितीही लाडाकोडात वाढलेली असो.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, तो सुरीला कळतो. ताज्या गवतात स्निग्धांश थोडाच असतो, पण त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एक मऊ स्निग्धाम्ल, असतं. गायीच्या पोटातले जिवाणू त्याचं रूप बरंच बदलतात, तरी शेवटी दुधात जे उतरतं त्यात पामिटिक आम्लासारखं घट्ट स्निग्धाम्ल कमी आणि ओलेइकसारखी मऊ स्निग्धाम्लं जास्त असतात. म्हणून हिरव्या चाऱ्यावरचं लोणी थंडगार असतानाही लवकर पसरतं. लोणी करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं: गवताच्या हंगामातली साय ते जास्त थंड करून घुसळतात, नाहीतर लोण्याचा गोळा धड जमत नाही आणि ताकात स्निग्धांश वाया जातो.

याच्या उलट उदाहरण २०२१ सालचं. कॅनडात लोक तक्रार करू लागले की लोणी ओट्यावर ठेवलं तरी मऊच होत नाही. संशय गायींच्या खुराकातल्या पामतेलापासून केलेल्या पूरक खाद्यावर गेला, कारण त्यात पामिटिक आम्ल ठासून भरलेलं असतं. तिथल्या दूध उत्पादकांच्या संघटनेनं शेतकऱ्यांना पर्याय शोधायला सांगितलं. लोणी घट्ट होण्याचं कारण निव्वळ तेच होतं असं सिद्ध झालं नाही. पण गायीच्या तोंडात काय जातं याचा आपल्या सुरीशी किती जवळचा संबंध आहे, हे त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदाच जाणवलं.

हंगाम कोणता धरायचा

कॅलेंडरातला महिना धरू नका, गवताची अवस्था धरा. थंड प्रदेशात बर्फ आणि गारठा सरल्यावर गवत उसळी घेतं. जिथे पावसावर सगळं अवलंबून आहे तिथे पाऊस लागून काही आठवडे झाले की. आयर्लंडमध्ये बहुतेक गायी वसंताच्या तोंडाशी वितात, म्हणजे दुधाचा आणि गवताचा भर एकत्र येतो. तो साधारण मेच्या आसपास. न्यूझीलंडमध्ये हेच चक्र सहा महिने पुढे सरकलेलं, तिथे ऑक्टोबरकडे बघायचं. म्हणून आयात केलेल्या लोण्यावरची तारीख वाचताना ते कुठल्या गोलार्धातलं आहे हे आधी बघावं. एकाच तारखेला एकीकडे गायी कुरणात असतात आणि दुसरीकडे गोठ्यात.

हंगाम सुरू झाल्याबरोबर धावत जाण्यात अर्थ नाही. गोठ्यातल्या चाऱ्यावरून गाय कुरणात गेली की दुधातला स्निग्धांश बदलायला काही दिवसांतच सुरुवात होते, पण तो पूर्ण बदलून स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे जातात. मी गायी बाहेर सोडल्याची तारीख विचारते आणि त्यात तीन आठवडे मिळवते. त्यानंतरच्या घुसळणीचं लोणी मला हवं असतं.

शेवटची मर्यादा गवतच ठरवतं. ते पानावर असतं तोवर उत्तम. तुरे आले, दांडे कडक झाले की कॅरोटीनही घटतं आणि पचनीयताही. कुरण पाळीपाळीनं चारणारा शेतकरी गवताला दांड्यावर येऊच देत नाही, त्याचा हंगाम लांबतो. काही ठिकाणी उन्हाचा ताण सरल्यावर गवत पुन्हा फुटतं आणि दुसरी, छोटी संधी मिळते. पहिली हुकली असेल तर हिच्यावर नजर ठेवा. या दुसऱ्या वेळी गायी विण्याला बरेच महिने झालेले असतात, दूध कमी आणि दाट असतं, लोण्याची चवही जरा जड लागते. मला स्वतःला पहिलंच आवडतं.

विकणाऱ्याला काय विचारायचं

‘गायी गवतावरच्या आहेत का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. उत्तर ‘हो’ येणार हे ठरलेलं आहे. ज्याला थोडं तरी वर्णन करावं लागेल असं विचारा. माझा पहिला प्रश्न असतो, ‘सध्या धारा काढताना गायींपुढे काय ठेवता?’ बहुतेक ठिकाणी धारेच्या वेळी थोडा खुराक देतातच, नाहीतर गायी जागेवर उभ्या राहत नाहीत. जो माणूस ‘दोन-तीन किलो भरडा देतो’ असं सरळ सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. ‘काहीच नाही, फक्त निसर्ग’ म्हणणाऱ्याला मी आणखी चार प्रश्न विचारते.

मग गायी बाहेर कधी सोडल्या, रात्रीही बाहेर असतात का, आणि या आठवड्यात कुरणाला पूरक म्हणून मुरघास चालू आहे का. जातही विचारावी. जर्सी आणि गर्नसी गायींच्या दुधात स्निग्धांश जास्त, पाचेक टक्के, आणि कॅरोटीनही जास्त उतरतं. होल्स्टीनच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास आणि रंग सौम्य. म्हणजे गोठ्यातल्या जर्सीचं आणि कुरणातल्या होल्स्टीनचं लोणी शेजारी ठेवलं, तर निव्वळ रंगावरून तुम्ही चुकीचं उचलण्याची शक्यता आहे.

सगळ्यांत मोलाचा प्रश्न मात्र हा: ‘हे लोणी घुसळलं कधी?’ पाकिटावरची तारीख बऱ्याचदा पाकीट भरल्याची असते. मोठ्या उद्योगात लोणी पंचवीस-पंचवीस किलोच्या ठोकळ्यांत गोठवून ठेवतात आणि मागणी येईल तसं पुन्हा मळून छोट्या वड्या पाडतात. तसं लोणी वाईट नसतं, पण त्यावरच्या तारखेवरून हंगाम काढता येत नाही. छोटा उत्पादक असेल तर तो घुसळणीचा दिवस सांगू शकतो, आणि सांगू शकत नसेल तर त्याला हंगामी लोण्याचा भाव देण्याचं काही कारण नाही.

एका लिटर दुधात चार टक्के स्निग्धांश धरला तर किलोभर लोण्याला किमान वीस लिटर दूध लागतं, हा हिशोब डोक्यात असू द्या. दहा गायींचा गोठा आणि बारा महिने कधीही मागा तेवढं ‘आमच्याच कुरणातलं’ लोणी, हे गणित जुळत नाही.

पाकिटावरचे शब्द

कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लोण्यात निदान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि दुधाचे इतर घन पदार्थ २ टक्क्यांपर्यंत. ८२ ते ८४ टक्के स्निग्धांशाचं लोणी मिळालं तर पाणी कमी, भाजकामाला छान. पण या आकड्याचा गवताशी काहीही संबंध नाही. घटकांच्या यादीत साय आणि असलंच तर मीठ किंवा विरजणाचे जिवाणू, एवढंच असावं. ‘ई १६०बी’ म्हणजे अ‍ॅनाटो, शेंद्रीच्या बियांचा रंग. ‘ई १६०ए’ म्हणजे वेगळं घातलेलं कॅरोटीन. दोन्ही खाल्ल्यानं काही बिघडत नाही, मात्र यांपैकी एक जरी दिसलं तरी त्या पिवळेपणाला पुरावा म्हणून शून्य किंमत.

‘गवतावरचं’ या शब्दाला जगभर एकच व्याख्या नाही. नेदरलँड्समधल्या कुरण-दुधाच्या चिन्हाची अट आहे वर्षात किमान १२० दिवस, दिवसाला किमान सहा तास बाहेर. अमेरिकेत सेंद्रिय दुधासाठी निदान १२० दिवस चराई आणि त्या हंगामात किमान ३० टक्के शुष्क आहार (चाऱ्यातलं पाणी वगळून मोजलेला) कुरणातून, असा नियम आहे. म्हणजे ‘सेंद्रिय’ असूनही उरलेला सत्तर टक्के आहार गोठ्यातला असू शकतो. बोर्ड बिआ या आयर्लंडच्या सरकारी अन्न मंडळाच्या मानकात ९५ टक्के गवत धरतात, पण ताज्या, म्हणजे पाण्यासकटच्या वजनावर. इथे जरा थांबून आकडेमोड करावी. समजा गायीनं ६० किलो ओलं गवत आणि ३ किलो खुराक खाल्ला. ताज्या वजनावर गवत ९५ टक्के भरलं. आता गवतातलं पाणी काढा; १८ टक्के शुष्क भाग धरला तर उरलं पावणेअकरा किलो, आणि खुराकाचा शुष्क भाग अडीच किलोच्या वर. प्रमाण एकदम ८० टक्क्यांवर येतं. कुणी फसवत नाही, फक्त तराजू वेगळा आहे. मला ८० टक्केसुद्धा उत्तमच वाटतात. पण दोन पाकिटांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापानं काढलेत का, हे पाहायला हवं.

शिवाय वाळलेलं गवत आणि मुरघास हेही ‘गवत’च. गाय वर्षभर दाण्याला न शिवता फक्त गवतावर राहिली तरी चारा वाळलेला असतानाचं लोणी हे हंगामी लोणी नव्हे. चिन्ह काहीही असो, तारीख विचारावीच लागते.

हातात घेतल्यावर

शक्य असेल तर आधी एकच छोटी लादी घ्या, बिनमिठाची. मीठ चव उठावदार करतं पण दोषही झाकतं. विरजण लावलेल्या सायीचं लोणीही परीक्षेला घेऊ नका. त्यात डायअसेटिल तयार होतं, तोच तो खमंग, भरलेला वास, आणि त्याच्यापुढे गवताचा हलका सुगंध टिकत नाही. माझ्या बहिणीला विरजणाचंच आवडतं आणि ती मला म्हणते की तू लोणी खात नाहीस, तपासतेस. असेल. पण साठा करायचा तर एकदा तपासावंच.

लादी मधोमध कापा. कडेचा थर गडद पिवळा आणि आतला भाग फिकट दिसला तर पृष्ठभाग सुकलेला आहे, म्हणजे लोणी जुनं आहे किंवा नीट गुंडाळलेलं नव्हतं. मग कापलेल्या बाजूवर सुरीचं पातं सपाट दाबा. एखाददुसरा स्वच्छ थेंब चालेल. दुधाळ थेंब सुटले तर ताक नीट धुतलेलं नाही, आणि असं लोणी लवकर खवट होतं. साठवणीसाठी घेऊच नका. घरगुती उत्पादकांकडे हा दोष सर्रास दिसतो, कारण धुऊन मळणं हे कंटाळवाणं काम आहे.

आता मऊपणा. हंगामी लोणी आणि नेहमीचं लोणी, दोन्ही सारख्या आकाराचे तुकडे करून एकाच पांढऱ्या बशीत फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांनी सुरी फिरवा. हंगामी तुकडा आधी वाकला पाहिजे. पांढरी बशी मुद्दाम सांगितली, कारण पिवळ्या कागदावर कुठलंही लोणी रंगीत दिसतं.

चव शेवटी, आणि थंड असताना नको. तुकडा जिभेवर ठेवून चावू नका, विरघळू द्या. चांगल्या गवताच्या लोण्यात ओल्या चाऱ्याची आठवण देणारा किंचित हिरवा वास येतो आणि लगेच जातो. पुठ्ठ्यासारखी किंवा रंगाच्या डब्यासारखी चव म्हणजे ऑक्सिडेशन झालंय. कांद्या-लसणाचा वास आला तर मात्र फ्रिजला दोष देण्याआधी कुरण आठवा: रानकांदा, रानलसूण खाल्लेल्या गायीच्या दुधात तो वास उतरतो. ते लोणी खराब नाही, पण गोड पदार्थात कुणी खाणार नाही.

आरोग्याचे दावे

इथे मी हात आखडता घेते. १९३०च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्यानं ठिकठिकाणचं लोणी तपासून, झपाट्यानं वाढणाऱ्या गवतावरच्या गायींच्या लोण्यात एक विशेष घटक असतो असं मांडलं आणि त्याला ‘अ‍ॅक्टिव्हेटर एक्स’ म्हटलं. तो घटक म्हणजे जीवनसत्त्व के-२ असावा, असा अंदाज पुढे बांधला गेला. हंगामी लोण्याभोवती जी भक्ती दिसते तिचं मूळ बरंचसं इथे आहे. गवतावरच्या लोण्यात बीटा-कॅरोटीन, ओमेगा-३ आणि सीएलए (संयुग्मित लिनोलेइक आम्ल) ही स्निग्धाम्लं जास्त असतात हे खरं. पण थोड्याच्या दुप्पट झालं तरी ते थोडंच राहतं. १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ७१७ कॅलरी आणि ५१ ग्रॅम संपृक्त चरबी असते. यात हंगामानं पडणारा फरक थोडासाच. चवीसाठी घ्या. औषध म्हणून कुणी विकत असेल तर पुढच्या दुकानात जा.

कच्च्या सायीच्या लोण्याबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया यांसारखे संसर्ग होऊ शकतात. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळावं. साय पाश्चराइज केल्यानं गवतातून आलेलं कॅरोटीन किंवा स्निग्धाम्लं यांत दखल घ्यावी असा फरक पडत नाही. मी पाश्चराइज्डच घेते.

किती घ्यायचं, कसं ठेवायचं

घरात आठवड्याला २०० ग्रॅम लोणी लागत असेल तर सहा महिन्यांना ५ किलोंच्या जरा वर. मी यातलं निम्मंच हंगामी धरते, कारण तळण्या-परतण्यात आणि केक-बिस्किटांत ते घालणं उधळपट्टी आहे. तिथे नेहमीचं पुरतं. एकाच दिवशीच्या घुसळणीचा सगळा साठा घेण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या आठवड्यांतला घ्यावा. एका घुसळणीत काही बिघडलं तर दुसरी हाताशी राहते.

लोण्याचे शत्रू हवा, प्रकाश आणि परका वास. मूळ वेष्टन काढू नका. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळा, मग हवा दाबून काढलेल्या पिशवीत घाला. नुसत्या लोणी-कागदातून प्रकाशही जातो आणि मासळीचा वासही. पिशवीवर घुसळणीची तारीख आणि गायी कशावर होत्या ते लिहा. मी कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहिते, शाई ओलाव्यानं पसरते. आठवड्याभरात संपेल एवढ्याच आकाराचे तुकडे करा. उणे १८ अंशांवर सहा ते नऊ महिने चव छान राहते. त्यानंतर खाण्यालायक असतं, पण ज्यासाठी जादा पैसे मोजले तो सुगंध विरत जातो. फ्रीझरचं दार सतत उघडत असेल तर साठा तळाशी, मागच्या कोपऱ्यात ठेवा.

वितळवताना घाई नको. आदल्या रात्री तुकडा वेष्टनासकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उघडा करून ओट्यावर ठेवला तर त्यावर दव जमतं आणि पृष्ठभाग पाणचट होतो. एकदा मऊ झालेलं पुन्हा गोठवू नका. नववा महिना उलटलेले तुकडे उरलेच तर मंद आचेवर कढवून तूप करा. पाणी आणि दुधाचे घन पदार्थ निघून गेल्यावर ते झाकणाच्या बरणीत बाहेरही टिकतं, आणि रंग तेवढाच गडद राहतो.